मदत हवी आहे: वाळूच्या प्रत्येक नमुन्यात निळे तंतू!

वेलदोडा२३:
एमएस्सीचा प्रोजेक्ट. किनाऱ्यावरच्या वाळूतून मायक्रोप्लास्टिक वेगळं करतेय. मिठाच्या संपृक्त पाण्यात वाळू ढवळली, रात्रभर ठेवली, वरचं पाणी गाळलं. फिल्टर पेपर मायक्रोस्कोपखाली धरला की निळे तंतू. भरतीरेषेच्या नमुन्यात १४, वरच्या कोरड्या वाळूत १३, आणि ब्लँकमध्ये (वाळू न घालता केलेल्या चाचणीत) ११!! सोमवारी गाईडना आकडे द्यायचेत. सरळ ११ वजा केले तर चालेल का? प्लीज लवकर.

कोळंबीभात:
वजा करून हातात २-३ तंतू उरतील, त्यावर कसला निष्कर्ष काढणार? ब्लँक कशाचा होता, नुसतं डिस्टिल्ड वॉटर की तेच मीठपाणी? मीठ कुठलं?

जुना_केमिस्ट:
मीठ मुळात चुकीचं. त्याची घनता १.२ च्या आत. पॉलिथिन, नायलॉन वर येतात, पण पीईटी (पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक) १.३८, ते तळाशीच बसणार. झिंक क्लोराइड घ्या. मी आयुष्यभर तेच वापरलंय.

कोळंबीभात:
काका, तिने घनता विचारलेलीच नाही. आणि वापरलेलं झिंक क्लोराइड बेसिनमध्ये ओतता येत नाही, मासे मरतात. ती विल्हेवाट कोण लावणार?

जुना_केमिस्ट:
गाळून पुन्हा वापरायचं. आमच्या वेळी एक बाटली वर्षभर पुरायची.

संध्याकाळ_७:
२०१८ पासून राज्यात प्लास्टिकबंदी आहे ना? मग हे कुठून येतं? आणि माठाचं पाणी प्यायलेलं बरं का?

वेलदोडा२३:
ब्लँक त्याच मीठपाण्याचा. मीठ कोपऱ्यावरच्या वाण्याकडचं, खडेमीठ. लॅबचं संपलं होतं.

कोळंबीभात:
अगं, हे आधी सांगायचं! २०१८ मध्येच आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी भारतीय समुद्री मिठातच मायक्रोप्लास्टिक दाखवलं होतं. मीठपाणी आधी गाळ, मग वाळू घाल. ॲप्रन सुती आहे का? आणि खाली काय घालून बसतेस?

वेलदोडा२३:
ॲप्रन धुवायला टाकलाय. जीन्स.

रेतीवाला:
तापलेली सुई लावून बघा. प्लास्टिक वितळून आकसतं, सुती धागा नुसता काळा पडतो. जीन्सचे निळे तंतू कापसाचे असतात, ते प्लास्टिकमध्ये मोजून फसलेले लोक पाहिलेत. शिवाय बाजूला एक ओला फिल्टर पेपर उघडा ठेवा, हवेतून काय पडतंय ते कळेल.

जुना_केमिस्ट:
सुई वगैरे ठीक, पण पीईटीचं काय?

वेलदोडा२३:
ब्लँकचे ११ तंतू सुईने तपासले. ८ काळे पडले, ३ आकसले. म्हणजे ८ माझ्या जीन्सचेच असणार! उरलेले ३ मिठाचे का? उघड्या पेपरवर तासाभरात २ निळे पडलेत. आत्ता लक्षात आलं, खिडकीचा पडदाही निळाच आहे.

कोळंबीभात:
पडद्याचा एक धागा ओढून सुई लाव. आणि गाईडकडून आठवडा मागून घे.