शब्दचर्चा: 'विकिरण' म्हणजे नक्की काय? (आणि ऊतक, प्रतिमांकन वगैरे)

प्रश्न, चिपळूणहून

नेत्रशिबिरासाठी मराठी माहितीपत्रक नीट करायला घेतलंय. हाती आलेला मजकूर इंग्रजीतून हिंदीत आणि हिंदीतून मराठीत आलेला दिसतो. त्यातलं एक वाक्य, ओसीटी या डोळ्याच्या पडद्याच्या तपासणीबद्दल: 'ओसीटी ही ऊतकांच्या प्रकाशीय प्रतिमांकनाची पद्धती असून त्यात विकिरणाचा वापर होतो.' एका आजींनी नातवाकडून हे वाचून घेतलं आणि पिशवी उचलून घरी निघाल्या. त्यांच्या शेजारणीला कॅन्सरवर 'किरणं' दिली होती, तिचे हाल त्यांनी पाहिले होते. विकिरण, ऊतक (टिश्यू), प्रतिमांकन (इमेजिंग) या तिन्ही शब्दांचं काय करावं?

रत्नागिरीहून

ताई, आजींचं काही चुकलं नाही. हिंदीत विकिरण म्हणजे रेडिएशन. मराठी शाळेत मात्र आपण रेडिएशनला प्रारण म्हणतो (वहन, अभिसरण, प्रारण आठवा) आणि विकिरण म्हणजे प्रकाश कणांवर आपटून इकडेतिकडे विखुरणं, ज्याला हिंदीवाले प्रकीर्णन म्हणतात. एकच संस्कृत शब्द, दोन भाषांत दोन अर्थ. मूळ इंग्रजीत यातलं काय होतं, ते तपासा. स्कॅटरिंग असेल तर शब्द मराठीपुरता बरोबर आहे, पण पेशंटच्या कागदावर तरीही नको.

संकल्पना मात्र महत्त्वाची आहे. अंधारात मोबाईलचा टॉर्च बोटांच्या मागे धरा. बोटं लालभडक दिसतात, पण आतलं हाड दिसत नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन निळा-हिरवा प्रकाश गिळतं, लाल बराचसा सोडतं, म्हणून रंग लाल. पण तो लाल प्रकाश सरळ येत नाही. पेशी, तंतू, चरबीचे थेंब यांवर आपटत, दिशा बदलत येतो, त्यामुळे हाडाची सावली पुसली जाते. पावसाळ्यात आंबा घाटात धुकं उतरलं की हेडलाईट लावूनही समोर नुसता पांढरा पडदा दिसतो, तोच हा प्रकार. शरीराच्या आत प्रकाशाने बघायच्या जवळजवळ सगळ्या युक्त्या या विखुरण्याशी झुंजण्यासाठीच निघाल्या आहेत.

सावंतवाडीहून

ऊतक हिंदी आहे म्हणून काढत असाल तर थांबा. मराठी विश्वकोशात ऊतकच आहे, आणि पेशीला कोशिका. पाठ्यपुस्तकांनी 'ऊती' आणि 'पेशी' घेतले, त्यामुळे आज शाळेत शिकलेल्या कोणालाही ऊती जवळचा. दोन्हींचं मूळ 'विणलेलं' या अर्थाचं. ओतप्रोतमध्येही तोच धातू आहे. इंग्रजी टिश्यूही फ्रेंचमधल्या विणण्यावरूनच आला, म्हणजे शब्द घडवणाऱ्याने डोकं लावलं होतं. पण आमच्या आजीपर्यंत हे पोचणार नाही. तिच्या लेखी ऊत येतो तो दुधाला. तुमच्या कागदावर ऊतीची गरजच काय? डोळ्याचा पडदा म्हणा.

मालवणहून

माझ्या आवशीक 'विकिरण' म्हटलास तर ती इचारतली, काय विकूक इलास? आणि प्रतिमांकन म्हटल्यार तिका देवळातली मूर्ती दिसतली. आमच्याकडे डॉक्टर काय नि पेशंट काय, सगळे 'पडद्याचो फोटो' म्हणतत. तेवढा पुरे.

कुडाळहून

मी ओसीटीचं मशीन चालवते. 'पडद्याचा फोटो' बरोबर आहे, फक्त ते नाव आधीच दुसऱ्या तपासणीला गेलंय. समोरून काढतात तो साधा रंगीत फोटो, त्यात पडद्यावरच्या रक्तवाहिन्या दिसतात. ओसीटीत पडद्याचा उभा काप दिसतो, न कापता. कागदावर एकावर एक पट्टे येतात, मध्ये एक खळगा असतो, तिथेच आपली सगळ्यात तीक्ष्ण नजर. मधुमेहात तिथे पाणी साठलं की खळगा भरून येतो आणि पट्ट्यांमध्ये काळे फुगे दिसतात. अख्ख्या पडद्याची जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास आणि मशीन पाच-दहा मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फरक दाखवतं. म्हणून मी 'पडद्याचं स्कॅन' म्हणते. लगेच प्रश्न येतो, 'सिटीस्कॅन काय?' तेव्हा सांगते, सोनोग्राफीसारखंच, फक्त आवाजाऐवजी उजेड. हे सगळ्यांना पटतं, कारण सोनोग्राफी घरोघरी माहीत.

शिरेत रंग टोचून पडद्याचे फोटो काढतात ती तिसरी तपासणी. तिच्यासाठी वेगळं पान करा आणि 'दिवसभर लघवी पिवळी होईल' हे ठळक लिहा. नाहीतर रात्री फोन येतात.

रत्नागिरीहून

सोनोग्राफीचा दाखला छान. त्यात एक पाचर मात्र आहे. आवाज परत यायला लागलेला वेळ मोजता येतो, प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावतो. मायक्रॉनच्या फरकासाठी थेट घड्याळ लावणं अशक्यच. म्हणून प्रकाशाचे दोन भाग करतात, एक डोळ्यात, एक आरशावर, आणि परत आल्यावर दोघांची गाठ घालतात. दोघांनी जवळपास सारखंच अंतर कापलं असेल तरच त्यांचं व्यतिकरण, म्हणजे लाटा एकमेकींत मिसळून उमटणारी नक्षी, दिसतं. खूप वेळा आपटून भरकटलेला प्रकाश उशिरा पोचतो आणि बहुतांशी बाद होतो. विखुरलेल्या गर्दीतून कामाचा प्रकाश निवडायची ही रीत. १९९१ साली अमेरिकेतल्या एमआयटीत हुआंग, फुजिमोटो आणि सहकाऱ्यांनी ती जगापुढे मांडली. त्वचेत ही युक्ती एक-दोन मिलिमीटरच्या पुढे दमते. डोळ्याचं नशीब असं की पडद्यापर्यंतची वाट पारदर्शक आहे.

कुडाळहून

मोतीबिंदू पिकला नसेल तर! भिंगच धुरकट झालं की स्कॅनही धुरकट येतं. ती ओळ घाला, म्हणजे 'मशीन बिघडलंय' असं कोणी म्हणणार नाही.

चिपळूणहून

सगळ्यांचे आभार. आता असं केलंय:

'ओसीटी म्हणजे डोळ्याच्या पडद्याचं स्कॅन. यात एक्स-रे नाही. सौम्य प्रकाश डोळ्यात सोडून, परत येणाऱ्या प्रकाशावरून पडद्याच्या थरांचं चित्र काढतात. सुई नाही, दुखत नाही. फिकट लाल रेघ दिसेल, पण नजर समोरच्या खुणेवरच ठेवा. मोतीबिंदू जास्त असेल तर चित्र अस्पष्ट येऊ शकतं. गरज वाटल्यास बाहुली मोठी करण्याचे थेंब घालतील, त्यानंतर काही तास अंधुक दिसेल.'

विकिरण, ऊतक, प्रतिमांकन तिन्ही गेले. 'थर' ठेवला.

सावंतवाडीहून

'थर' चालेल, 'पापुद्रे' जास्त बरं. आणि 'बाहुली'? आमच्याकडे काळं दिसतं ते सगळं बुबुळच.

कुडाळहून

पापुद्रे नको, पडदा सुटलाय असं वाटेल. बाहुली राहू दे. शेवटी फक्त लिहा, थेंब घातल्यावर स्कूटर चालवून घरी जायचं नाही, सोबत कोणीतरी आणा.