डोक्याला मार लागलेल्या रुग्णाच्या नळीत काय: डब्याची पावडर की घरचं फीड?

(मोजपट्टी, खलबत्ता आणि रात्रपाळी ही बोलणाऱ्या तिघांची टोपणनावं.)

मोजपट्टी: डिस्चार्जच्या कागदावर ‘हाय प्रोटीन लिक्विड डाएट’ एवढंच असतं. मग घरी पोटात अन्न सोडायच्या नळीतून वरणाचं पाणी, भाताची पेज आणि नारळपाणी जातं. त्यात प्रथिनं जवळजवळ नाहीतच. मेंदूला जबर मार बसला की सुरुवातीला शरीर नेहमीच्या 140 टक्क्यांपर्यंत कॅलरी जाळतं. म्हणूनच ब्रेन ट्रॉमा फाउंडेशन या अमेरिकी संस्थेच्या 2016च्या उपचार-सूचना सांगतात, मार लागल्यापासून पाचव्या, फार तर सातव्या दिवसापर्यंत मूळ गरजेइतक्या कॅलरी पोचल्याच पाहिजेत. आयसीयूत कमावलेलं घरी घालवायचं नसेल तर डब्याचंच फीड द्या. 1 मिलीला 1 कॅलरी, हिशोब चुकत नाही.

खलबत्ता: चुकतो की. 60 किलोच्या माणसाला 1800 कॅलरी आणि 90 ग्रॅम प्रथिनं धरा. साध्या पावडरीच्या फीडमध्ये 100 मिलीला साधारण 4 ग्रॅम, म्हणजे दिवसाच्या 1800 मिलीत 72च. वर डबा महाग, त्यामुळे पुरवून वापरायचा म्हणून सहा मापांची चार होतात आणि पाणी मात्र तेवढंच!

घरचं एक फीड: गाईचं दूध 200 मिली, साय काढलेल्या दुधाची पावडर 20 ग्रॅम, मोड आणलेल्या नाचणीचं पीठ 10 ग्रॅम, तेल आणि साखर एकेक चमचा. 300 कॅलरी, 14 ग्रॅम प्रथिनं. दिवसातून सहादा. पीठ मोडांचंच हवं. साध्या पिठाची खीर निवली की खळ होते आणि नळी तुंबते. मोडांतलं अमायलेज हे विकर (एन्झाइम) स्टार्च तोडतं, खीर पातळ राहते. पीठ गार दुधात कालवून मंद आचेवर चढवा. उकळत्या दुधात टाकलंत तर अमायलेज काम करण्याआधीच मरतं. शेवटी बारीक गाळणी.

मोजपट्टी: म्हणजे दिवसाला 1.2 लिटर दूध आणि 120 ग्रॅम पावडर. लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, 115 ग्रॅमच्या पुढे! दूध न सोसणारे आपल्याकडे थोडे नाहीत. जुलाब लागले की घरचे घाबरून पुन्हा वरणाच्या पाण्यावर येतात. मधुमेह किंवा किडनीचा त्रास असेल तर हे माप तसंही चालणार नाही.

खलबत्ता: लॅक्टोजचं मान्य. निम्मी फीडं बदला: दोन उकडलेली अंडी, मऊ भात, तेल, मिक्सरमधून काढून गाळलेलं. कच्चं अंडं अजिबात नको, साल्मोनेला जंतूची भीती.

रात्रपाळी: दोघांच्याही वेळापत्रकात फेनिटॉइन कुठे बसतं? झटक्यांचं हे औषध फीडसोबत गेलं तर नीट शोषलं जात नाही. आधी आणि नंतर तास-दोन तास नळी रिकामी लागते. दोन डोस असले की एखादं फीड हमखास बुडतं. वेळा डॉक्टरांकडूनच लिहून घ्या. गोळीची पूड फीडमध्ये कालवू नका, वेगळी द्या, आधी-नंतर 30 मिली पाणी. खाटेचं डोकं 30 ते 45 अंश वर, फीडनंतर तासभर तसंच. आणि घरचं फीड विदर्भात मे महिन्यात ओट्यावर दोन तासही ठेवू नये.

मोजपट्टी: म्हणूनच म्हणतो, रात्रीचं तरी डब्याचं.

खलबत्ता: चालेल, माप सपाट भरलं तर. आणि खाटेवरच्या माणसाचं वजन होत नाही म्हणून सोडून देऊ नका. दंडाच्या मध्यावर पेनाची खूण करा, दर रविवारी तिथेच टेप लावा. घेर उतरत असेल तर कोणाचं फीड बरोबर, ते मग बोलू.