‘हाताने तपासा’ म्हणणं हा नखरा नाही

छत्तीस_फ्रेम :
परवा पाणथळकाकांनी लिहिलं की नाशिकच्या ओझर विमानतळावर त्यांच्यापुढे एक मुलगा फिल्मचे बारा रोल घेऊन उभा होता, ‘मशीनमधून नको, हाताने तपासा’ म्हणून अडून बसला आणि मागची रांग दहा मिनिटं खोळंबली. त्यावरून त्यांनी निकाल देऊन टाकला: आठशे आयएसओच्या (प्रकाशाला किती संवेदनशील, त्या आकड्याच्या) खालच्या फिल्मला एक्स-रेने काही होत नाही, हे फिल्मवाल्यांचे नखरे आहेत. दोन दिवस गप्प बसलो, पण डोक्यातून जाईना.

आठशेचा आकडा खोटा नाही, जुना आहे. जुन्या मशीनमध्ये बॅग पट्ट्यावरून सरकते आणि किरण तिच्यातून आरपार जातात, संपलं. नव्या सीटी मशीनमध्ये दवाखान्यातल्या स्कॅनसारखा प्रकार असतो; चहूबाजूंनी बॅगेचे काप काप काढले जातात आणि मारा कितीतरी जास्त होतो. कोडॅक आणि इलफर्ड या फिल्म कंपन्या दोघीही बजावतात की न धुतलेली (डेव्हलप न केलेली) फिल्म सीटीतून एकदाही जाऊ देऊ नका. चेक-इनच्या सामानाची मशीनं तर आधीपासूनच जबर, तिथे रोल टाकायचा विचारही नको. आणि ओझरला जुनं मशीन असलं तरी इथून गेलेला माणूस परत कुठूनतरी येणारच ना? आपल्या मोठ्या विमानतळांवर सीटी बसू लागली आहे.

माझं सांगतो. गेल्या हिवाळ्यात काशीला नऊ दिवस होतो. पहाटेचे घाट, एचपी५ ही चारशेची ब्लॅक अँड व्हाइट फिल्म, सगळं सोळाशेवर पुश करायच्या, म्हणजे सोळाशेची समजून काढून जास्त वेळ धुवायच्या हिशेबाने काढलेलं. नऊ रोल. दोन तिथेच मित्राच्या खोलीवर धुतले. उरलेले सात आणताना एका मोठ्या विमानतळावर हात जोडून विनंती केली. नाही म्हणाले, ट्रेमध्ये टाकायला लावले. घरी येऊन तेच डेव्हलपर, तेवढीच मिनिटं, तेच तापमान. काशीत धुतलेल्या दोन रोलांत अंधार काळा आहे. या सातांत तो राखाडी आहे आणि ग्रेन वाळूसारखा. त्यातल्या एका फ्रेममध्ये एक म्हातारे नावाडी होते, होडीत बसून बिडी पेटवताना. ते फाल्गुनात गेले. तो फोटो आता पुन्हा निघणार नाही.

पाणथळ :
नावाड्याचं वाईट वाटलं, मनापासून. पण तुमच्या दुःखाने रांग पुढे सरकत नाही.

पंधरा वर्षं पक्ष्यांचे फोटो काढतो, नांदूरमध्यमेश्वरच्या अभयारण्यात आणि विमानाने बाहेरही. माझी जुनी ६०० एमएम एफ/४ लेन्स एकटीच पाच किलोच्या वर भरते. बॉडी, कन्व्हर्टर, बॅटऱ्या धरल्या की केबिनच्या सात किलोंचं गणित तिथेच कोलमडतं. दरवेळी दोन बॅटऱ्या या खिशात, कन्व्हर्टर त्या खिशात, असं ऐन मे महिन्यात जाडं जाकीट चढवून विमानात बसतो. एकदा गेटवर सांगितलं, बॅग मोठी आहे, खाली पाठवा. छोट्या एटीआर विमानात डोक्यावरचे कप्पेही छोटे, मला पर्याय नव्हता. लेन्स परत आली ती आतलं एक भिंग हलून. तीन महिने दुरुस्तीत गेली, त्या वर्षीचे क्रौंच हुकले. मी काय काउंटरवर धरणं धरलं? बारा रोलांचं वजन अर्धा किलोसुद्धा नाही आणि सगळ्या जगाने तुमच्यासाठी थांबायचं?

छत्तीस_फ्रेम :
काका, तुमच्या लेन्सला तीन महिन्यांनी दुरुस्ती मिळाली. फॉग झालेल्या, किरणांनी धुरकटलेल्या निगेटिव्हला दुरुस्ती नाही. आणि सात किलोंचा राग तुम्ही त्या पोरावर का काढता? त्याने तुमच्या बॅगेचं वजन केलं नव्हतं.

लगीनघर :
दोघंही एकेका वस्तूवर भांडताय. आम्ही लग्नवाले सहा जण उदयपूरला जातो तेव्हा तीन बॉडी, आठ फ्लॅश, दोन व्हिडिओ लाइट आणि चाळीसेक बॅटऱ्या असतात. सुट्या बॅटऱ्या चेक-इनमध्ये चालतच नाहीत, केबिनमध्येच न्यायच्या, प्रत्येकीच्या टोकांना चिकटपट्टी लावून. शंभर वॉट-अवरपर्यंत विचारत नाहीत, त्यापुढे एकशे साठपर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते आणि माणशी दोनच. व्हिडिओच्या मोठ्या व्ही-माउंट बॅटरीवर ९८ का लिहिलेलं असतं, ते यामुळे. नवीन पोरं फक्त मिलीअँपिअर वाचतात आणि अडकतात. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर, एवढा हिशेब घरी करून निघा. ट्रायपॉड नि स्टँड निमूटपणे कपड्यांत गुंडाळून चेक-इनला द्या. एका जागी केबिनमध्ये सोडतात, दुसरीकडे अडवतात, त्याच्यावर लग्न लावता येत नाही.

आणि परदेशी जाणार असाल तर जाताना कस्टमकडून महागड्या सामानाचं निर्यात प्रमाणपत्र घ्या. बँकॉकच्या लग्नाहून येताना माझ्याच चार वर्षं जुन्या कॅमेऱ्यावर ड्युटी भरा म्हणत होते. बिल मोबाइलवर सापडेपर्यंत दीड तास बसून होतो. त्यापुढे तुमची दहा मिनिटं काहीच नाहीत.

निवृत्त_खाकी :
विमानतळाच्या सुरक्षेत बारा वर्षं काढली, म्हणून बोलतो. हाताने तपासा, ही विनंती आहे, हक्क नाही. अमेरिकेत तशी मागणी करायची सोय नियमात आहे, आपल्याकडे तिथल्या अधिकाऱ्यावर अवलंबून. पण माणूस कसा येतो यावर बरंच ठरतं. ज्याचे रोल डब्यांतून काढून पारदर्शक पिशवीत ठेवलेले, जो ट्रेला हात लावायच्या आधी शांतपणे सांगतो, आणि मुख्य म्हणजे वेळेवर येतो, त्याचं काम दोन मिनिटांत होतं. जो बॅग पट्ट्यावर गेल्यावर ओरडतो, त्याचं होत नाही. शिशाच्या पिशव्या वापरू नका. पडद्यावर काळा डाग दिसला की बॅग उघडायचीच, आणि पुन्हा मशीनमध्ये जायची. कॅमेऱ्यात रोल भरून आणू नका. कॅमेरा उघडून दाखवा म्हटलं तर काय करणार?

छत्तीस_फ्रेम :
साहेब, हे पटलं. सीटी ओळखायची एक खूण मीही सांगतो: लॅपटॉप बॅगेतच राहू द्या म्हणाले, तर बहुतेक पुढे सीटी आहे.

एकटा_रोल :
तुम्ही विमानतळावर रोल वाचवून घरी आणता. पुढे? मी ज्या स्टुडिओत कलर रोल द्यायचो तो बंद झाला. तेव्हापासून कुरिअर. ते पार्सल विमानाने गेलं तर तेही स्कॅन होतं, आणि तिथे विनंती करायला कोणी उभंही नसतं. दादरहून बिऱ्हाड हलवून फाळक्यांनी ज्या नाशकात स्टुडिओ थाटला, त्याच नाशकात मला हजार-दीड हजाराचा रोल धुवायला जागा शोधावी लागते, याचं वाईट वाटतं.

छत्तीस_फ्रेम :
घरी धुवा. ब्लॅक अँड व्हाइट तर कुणालाही जमतं. कलरच्या सी-४१ प्रक्रियेला ३८ अंश सांभाळायचे, बादलीत गरम पाणी आणि एक थर्मामीटर पुरतो. मी सहा वर्षं बाथरूममध्ये धुतोय.

पाणथळ :
आणि धुताना वापरलेलं फिक्सर रसायन कुठे ओतता?

छत्तीस_फ्रेम :
मोरीत. दोन-चार लिटर असतं, काका.

पाणथळ :
आता मी नखरे म्हणत नाही, दुसराच शब्द वापरतो. वापरलेल्या फिक्सरमध्ये फिल्मवरची चांदी उतरलेली असते. तुमच्या मोरीतून ती गटारात, गटारातून गोदावरीत, आणि गोदावरी कुठे जाते? माझ्या नांदूरमध्यमेश्वरला. २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं ते. पाणवेली तुम्ही पाहिल्या नसतील, मी दरवर्षी पाहतो. पाण्याचा पृष्ठभाग दिसत नाही काही वेळा. नावाड्याच्या फोटोसाठी डोळ्यांत पाणी आणणारा माणूस पाण्यात काय सोडतोय हे बघत नाही, याची मला चीड येते.

छत्तीस_फ्रेम :
पाणवेली माझ्या चार लिटरने आल्या नाहीत! अख्ख्या शहराचं सांडपाणी जातं त्या नदीत. सिंहस्थ तोंडावर आहे, रामकुंडावर जाऊन विचारा की हा प्रश्न. मी महिन्याला सहा रोल धुतो. दोष द्यायला मीच सापडलो का?

पाणथळ :
हो, तुम्हीच. कारण शहराला वाचता येत नाही, तुम्हाला येतं. वर तुम्हीच लिहिलं ना, तो एक फोटो पुन्हा निघणार नाही? एकच आहे म्हणून त्याची किंमत कमी होत नाही. मग चार लिटरची का कमी होते?

लगीनघर :
अहो, विषय विमानाचा होता.

निवृत्त_खाकी :
असू द्या, बोलू द्या. माझे वडील नाशिकरोडला फोटो स्टुडिओत होते. वापरलेला हायपो, म्हणजे फिक्सरच, ते कॅनमध्ये साठवायचे, चांदी काढणारा माणूस येऊन घेऊन जायचा. त्यात भांडी घासायची लोखंडी घासणी टाकून ठेवली की चांदी गाळासारखी खाली बसते. तेव्हा ते पर्यावरणासाठी नव्हतं, चार पैशांसाठी होतं. पण मोरीत कोणी ओतत नसे.

छत्तीस_फ्रेम :
रात्रभर विचार केला. फिक्सर मोरीत ओतणं चूक होतं. सहा वर्षं चूक होतं. उद्यापासून कॅन. पण काका, तुम्ही सीटीचं अजून एक अक्षर बोलला नाहीत.

पाणथळ :
बोलतो. कोडॅकची सूचना वाचली. सीटीपुढे चारशेचा रोलही सुरक्षित नाही, हे मला माहीत नव्हतं, ते लिहिणं माझं चुकलं. नखरे हा शब्द मागे घेतो. त्या मुलाने आधी सांगितलं असतं तर दहा मिनिटं गेली नसती, हे मात्र मागे घेत नाही. साहेबांनीही तेच म्हटलंय. चांदी खाली बसली तरी तो कॅन कुठे रिकामा करायचा, ते चौकशी करून कळवतो. तोवर घरीच ठेवा. आणि रविवारी पहाटे नांदूरमध्यमेश्वरला चापडगावच्या पक्षी पाहायच्या मनोऱ्यावर असतो, या. कॅमेरा फिल्मचाच आणा, मला काही हरकत नाही.

लगीनघर :
शंभरच्या वरच्या व्ही-माउंट दोनपेक्षा जास्त असतील तर वेगवेगळ्या माणसांच्या बॅगेत वाटून नेतं का कोणी? १४ तारखेला निघायचंय.

एकटा_रोल :
कुरिअरचं कोणीच काही बोललं नाही. सी-४१ घरी करायची माझी अजून हिंमत होत नाही. लेकीच्या बारशाचे पोर्ट्राचे चार कलर रोल मे महिन्यापासून फ्रीजमध्ये आहेत. या आठवड्यात पंचवटीने मुंबईला कोणी जाणार असेल तर कृपया सांगा, नाशिकरोड स्टेशनवर सकाळी हातात आणून देईन.