मदत हवी आहे: रॅगलनच्या वाढीव टाक्यांत केबल कधी सुरू करू?

गळ्यापासून खाली, गोल सुईवर रॅगलन स्वेटर (गळ्यापासून काखेपर्यंत चार तिरक्या रेघा असलेला) विणतेय. एका फेरीआड चारही रेघांच्या दोन्ही बाजूंना एकेक, म्हणजे ८ टाके वाढतात. पुढे मधोमध ६ टाक्यांची केबल (टाके एकमेकांवरून ओलांडून काढलेली वेणीसारखी नक्षी) आहे, दोन्हीकडे २ उलट, दर आठव्या फेरीला पीळ. ती इतकी सुरेख उठलीय की तशीच कडेच्या वाढीव टाक्यांतूनही काढायचीय.

४ टाके होताच २-२चा पीळ घालून पाहिला, तर रॅगलनची रेघ आत ओढली जाते. सहा होईपर्यंत नुसतं सुलट विणलं तर तिथला सपाट पट्टा डोळ्यांत खुपतो. खांद्याचं माप नेमकं बसलंय, त्यामुळे वाढीचं प्रमाण बदलायचं नाही.

रेघ आणि केबल यांच्यात किती उलट टाके ठेवू, आणि पहिला पीळ किती टाक्यांवर घालू?