जुना सीपी/एम (एक जुनी ऑपरेटिंग सिस्टिम) कॉम्प्युटर मिळालाय, नेटवर कुठेच माहिती नाही. आधी काय करू?

माळ्यावरचा_झेड80:
मामांकडून एक जुना कॉम्प्युटर आलाय माझ्याकडे. ते जिथे हिशेब बघायचे ते ऑफिस बंद झालं तेव्हा हा भंगारात चालला होता, त्यांना बघवेना म्हणून घरी घेऊन आले आणि मग इतकी वर्षं माळ्यावर पडून होता. पत्र्याची केस, आत झेड-80 प्रोसेसर, 64 केबी रॅम, दोन सव्वापाच इंची फ्लॉपी ड्राइव्ह, स्क्रीन वेगळी. सोबत 31 फ्लॉप्या आणि मामांनी हाताने लिहिलेली एक वही. कंपनीचं नाव टाकून किती शोधलं पण एक फोटोसुद्धा सापडत नाही, इम्युलेटर (आजच्या पीसीवर त्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम) तर लांबच राहिला, म्हणजे हा कदाचित शेवटचाच उरलेला असेल असं मनात येतं आणि हात लावायची भीती वाटते. चालू करून बघायची इच्छा खूप आहे पण आधी विचारावं म्हटलं. एक फ्लॉपी जुन्या पीसीच्या ड्राइव्हमध्ये घालून बघितली, वाचताच येत नाही म्हणतोय. सगळ्या गेल्या असतील का?

सोल्डर_आणि_फ्लक्स:
प्लग लावू नका, प्लीज. विचारलंत ते फार बरं केलंत.

पॉवर सप्लायच्या आत घरची वीज येते त्या बाजूला अर्धपारदर्शक पिवळट-तपकिरी ठोकळ्यासारखे फिल्टर कपॅसिटर दिसतात का बघा, त्यांच्या कव्हरला बारीक तडे गेलेले असतील तर आतल्या कागदाने ओल धरलेली असते आणि वीज दिली की थोड्या वेळात धूर. बीबीसी मायक्रो या जुन्या ब्रिटिश कॉम्प्युटरवाल्यांना हा धूर चांगला माहितीये. ते बदला, मग सप्लाय बोर्डपासून पूर्ण सोडवा, लोड (वीज खेचणारं काहीतरी) लावून व्होल्टेज मोजा (स्विचिंग सप्लाय मोकळा चालवून घेतलेलं रीडिंग धरू नका) आणि 5 व्होल्टची लाइन 5.25 च्या वर जात असेल तर बोर्डला अजिबात जोडू नका, रॅमच्या चिपा जाऊ शकतात. प्लग काढलेला असला तरी मोठ्या कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टच्या वर चार्ज राहू शकतो, तेव्हा ही कामं आधी केलेली नसतील तर माहीतगार माणूस शेजारी घ्या. बोर्डवर छोट्या पिंपासारखी निकेल-कॅडमियम बॅटरी असेल तर ती मात्र आजच काढा, ती गळते आणि तांब्याचे ट्रॅक खाते.

पण या सगळ्याच्या आधी फोटो. एकही केबल काढायच्या आधी, मग प्रत्येक बोर्डच्या दोन्ही बाजू, जंपर (पिना जोडणाऱ्या छोट्या टोप्या) कुठे आहेत ते, चिपांवरचे आकडे वाचता येतील इतक्या जवळून. चिपवर 8347 असा चार आकडी कोड दिसला तर ती 1983 च्या 47व्या आठवड्यातली. मूळच्या चिपांमधला सगळ्यात नवा कोड शोधा, मशीन त्याच्या आधीची असू शकत नाही, आणि कागदपत्रं नसतील तर तारखेचा एवढा एकच धड पुरावा हाताशी राहतो.

मग ईप्रॉम, म्हणजे मशीनचा प्रोग्रॅम साठवलेल्या चिपा. काचेची गोल खिडकी असलेल्या चिपा, वर बहुतेक स्टिकर असेल. स्टिकर काढू नका!! त्यावर पेनाने व्हर्जन लिहिलेलं असेल तर तोही दस्तऐवजच, आणि उघडी खिडकी थेट उन्हात आठवडाभर राहिली तरी आतलं पुसलं जातं. कुठली चिप कुठल्या सॉकेटमध्ये, खाच कुठल्या बाजूला, हे लिहून मग काढा. रीडरने प्रत्येक चिप तीनदा वाचा आणि चेकसम (सगळ्या डेटावरून निघणारा पडताळणीचा आकडा) जुळतोय का बघा. 2708 नंबरची चिप असेल तर तिला तीन वेगवेगळी व्होल्टेज लागतात, साध्या रीडरमध्ये घालू नका.

चुंबकीय_धूळ:
फ्लॉप्यांचं मी सांगतो. गेल्या असतीलच असं नाही, तुमचा पीसी मुळात डॉस (पीसीची जुनी सिस्टिम) फॉरमॅट शोधतोय. सीपी/एमच्या काळात 8 इंचीला निदान एक ठरलेला फॉरमॅट होता, सव्वापाचला प्रत्येक कंपनीने आपापला केला, सेक्टर (ट्रॅकचे तुकडे) किती, कुठून मोजायचे, साइडचा क्रम काय, सगळं वेगळं. म्हणून पीसीमध्ये एकेक घालून बघणं आता थांबवा आणि पीसीने फॉरमॅट करू का विचारलं तर चुकूनही हो म्हणू नका. सव्वापाचला कडेची खाच चिकटपट्टीने झाकली की राइट-प्रोटेक्ट होतं (साडेतीनला उलटं, तिथे भोक उघडं ठेवायचं), ते आधी सगळ्या 31 ना करा.

ग्रीझवीझल किंवा क्रायोफ्लक्ससारखा बोर्ड घ्या. ते फॉरमॅटच्या भानगडीतच पडत नाहीत, ड्राइव्हच्या वाचणाऱ्या हेडखालून चुंबकीय बदल जसे जातात तसेच वेळेसकट नोंदवून घेतात. एकदा ती फाइल हातात आली की फॉरमॅट काय होता ते सवकाश शोधता येतं, लागलीच तर वर्षभराने.

घालायच्या आधी प्रत्येक फ्लॉपी मधल्या भोकातून हळू फिरवून उजेडात बघा. पांढरे ठिपके म्हणजे बुरशी, ती तशीच घालायची नाही. माझ्याकडून हे एकदा राहिलं, एका फ्लॉपीचा थर सुटून हेडला चिकटला आणि मी तसाच पुढच्या घालत गेलो, तीन फ्लॉप्यांवर गोल चरे पडले. त्यातली एक परत कुठेच मिळाली नाही, आजही वाईट वाटतं. तेव्हापासून प्रत्येक फ्लॉपीनंतर हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतो, वेळ जातो पण जाऊ दे.

वहीतलं_पान:
मला त्या वहीबद्दल बोलायचंय, कारण मशीन निदान पेटीत तरी राहील, वहीला कोणी विचारत नाही. 600 डीपीआयला स्कॅन करा, टिफ फॉरमॅटमध्ये, कोरी पानं आणि कव्हरसुद्धा, पानांचा क्रम मोडू नका. आणि मामा आहेत तोवर त्यांना मशीनसमोर बसवून रेकॉर्ड करा. काय आठवतं असं मोघम विचारू नका, सकाळी आल्यावर पहिलं बटण कुठलं दाबायचात असं विचारा, हात आपोआप तिकडे जातो आणि मग माणूस बोलायला लागतो. की-बोर्ड पिवळा पडलाय म्हणून पेरॉक्साइड लावून पांढरा करायच्या मागे मात्र लागू नका. कुठली बटणं जास्त झिजलीत यावरूनही काम कळतं.

माळ्यावरचा_झेड80:
सगळ्यांचे मनापासून आभार. प्लग अजून लावलेला नाही. फिल्टर कपॅसिटरला खरंच तडे आहेत, पिकलेल्या आंब्याच्या रंगाचा ठोकळा आणि त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा. सगळ्यात नवा कोड 8419 सापडला, म्हणजे मे 1984.

ईप्रॉम दोन आहेत, 2732. पहिली तिन्ही वेळा सारखी वाचली गेली, दुसरी दर वेळी वेगळी, पोटात गोळाच आला. मग बघितलं तर पाय काळे पडले होते, हलक्या हाताने पुसून परत घातली आणि आता पाच वेळा तोच चेकसम. हेक्समध्ये (कच्चे बाइट दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) उघडून बघितली तर मधे इंग्रजीत सिस्टिम डिस्क घाला असा मेसेज चक्क वाचता येतोय.

मामांना काल की-बोर्डसमोर बसवलं. नंबरपॅडवर हात ठेवला आणि म्हणाले इथे एंटर दोनदा दाबायला लागायचं, एकदा दाबलं तर घ्यायचाच नाही. वहीत 14 नंबरच्या फ्लॉपीसमोर 'ही आधी' असं लिहिलंय, ते त्यांचंच अक्षर. तिच्यावर ठिपके नाहीत. ग्रीझवीझल आला की तिच्यापासूनच सुरुवात करतो.