मदत हवी आहे: केशरी छातीची ही ब्लूबर्ड मादी नक्की कोणती?

नमस्कार मंडळी. सहा वर्षं कोलोराडोत आहे, पण पक्षी बघायला लागून जेमतेम दीड वर्ष झालंय. प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

परवा रविवारी फोर्ट कॉलिन्सच्या पश्चिमेला, हॉर्सटूथच्या टेकड्यांत गेलो होतो. ऑक्टोबरातली कोवळी उन्हं, आणि जुनिपरच्या झाडांवर पंधरा-वीस ब्लूबर्ड फळांवर तुटून पडलेले. ब्लूबर्डच्या माउंटन, वेस्टर्न आणि ईस्टर्न अशा तीन जाती. नर ओळखायला फार झटापट करावी लागली नाही. तिघे नखशिखांत आकाशी, पोट तेवढं पांढुरकं, केशरी नावालाही नाही: माउंटन. दोघांचा गळा गडद निळा, छाती विटकरी, खांद्यावरही तोच विटकरी डाग: वेस्टर्न. ईस्टर्न नराचा गळासुद्धा केशरी आणि पोट पांढरं असतं, तसा एकही दिसला नाही.

घोडं अडलं माद्यांपाशी. एक जण कुंपणाच्या तारेवर येऊन बसली. डोकं-पाठ राखाडी, पंखांत आणि शेपटीत निळं, छातीवर फिकट केशरी झाक. ‘माउंटनला केशरी नसतं’ हे डोक्यात पक्कं बसलेलं, म्हणून वहीत वेस्टर्न लिहून मोकळा झालो. घरी येऊन फोटो मोठा करून बघतो तर ती झाक गळ्यापर्यंत चढलेली! वेस्टर्न मादीचा गळा राखाडी असतो ना? मग ही वाट चुकलेली ईस्टर्न म्हणायची का? चोच बारीक वाटते, शेपटीखाली पांढरं आहे. फोटो मोबाइल दुर्बिणीला टेकवून काढलाय, त्यामुळे यथातथाच.

(वेस्टर्न नराचा फोटो आईला पाठवला, तर म्हणाली, “अरे, हा तर आपल्या कर्नाळ्यातला!” तिला टिकेल्स ब्ल्यू फ्लायकॅचर आठवला. निळी पाठ, केशरी छाती, तिचं तरी काय चुकलं?)

प्रतिसाद १:
ईस्टर्नवर उडी मारू नका. शरद ऋतूत नवी पिसं आलेली असतात, आणि अशा ताज्या पिसाऱ्यात काही माउंटन माद्यांच्या गळ्या-छातीवर केशरी-तपकिरी झाक असते. भले भले फसतात. ईस्टर्न मादीचा गळा पांढरट असतो आणि केशरी रंग मानेच्या बाजूने वर चढतो, तुमच्या फोटोत मानेची बाजू साधी राखाडी दिसतेय. वेस्टर्न असती तर पोटही राखाडी दिसलं असतं. आता दोन गोष्टी सांगा. मिटलेल्या पंखांची टोकं शेपटीवर कुठवर जातात? माउंटनचे पंख लांब असतात. आणि खाली झेपावण्याआधी ती हवेत एका जागी फडफडत थांबत होती का?

प्रतिसाद २:
निळ्या छटेवर फार विसंबू नका एवढंच सांगतो. या पिसांत निळं रंगद्रव्य नसतंच, पिसाच्या सूक्ष्म रचनेतून प्रकाश विखुरतो म्हणून ती निळी दिसतात. पक्षी सावलीत गेला किंवा ऊन त्याच्या मागून आलं की तोच नर मळकट राखाडी वाटतो. सूर्य पाठीशी घेऊन उभे राहत जा.

मूळ धागाकर्ता:
फडफडत थांबत होती! गवतावर दोनदा तशी थांबलेली पाहिली, आणि मी बायकोला म्हणालो, “बघ, स्वतःला ससाणा समजतेय.” तेच लिहायला हवं होतं आणि नेमकं तेच राहिलं. पंखांची टोकं मात्र फोटोत कुंपणाच्या खांबाआड गेलीत. वेस्टर्न खोडून माउंटन लिहिलंय, पुढे प्रश्नचिन्ह ठेवलंय. येत्या रविवारी परत त्याच जुनिपरपाशी जातो, या खेपेला सूर्य पाठीशी घेऊन.