बर्लिनचा उत्तर-दक्षिण बोगदा: पुराची गोष्ट मोठी की मजुरांची?

रूळवेडा (धागाकर्ता)
बर्लिनच्या पोटातून एस-बानचा, म्हणजे तिथल्या लोकलचा, उत्तर-दक्षिण बोगदा जातो. त्याचा विषय निघाला की सगळे थेट मे १९४५ वर येतात: लांडवेअर कालव्याखाली स्फोट झाला, पाणी आत घुसलं, हजारो माणसं बुडाली. यातला 'हजारो' आता सोडून द्यावा, असं माझं मत आहे. पाणी उपसल्यावर जे मृतदेह निघाले, त्यांवरून अंदाज शे-दोनशेचा आहे. त्यातलेही बरेच जण पाणी येण्याआधीच, लढाईतल्या जखमांनी गेलेले होते. स्फोट नेमका कोणत्या दिवशी आणि कोणाच्या हुकमाने झाला, यावरही अभ्यासकांचं एकमत नाही.

या सगळ्यात २० ऑगस्ट १९३५ मात्र कोणाच्या लक्षात राहत नाही. ब्रांडेनबुर्ग दरवाजाजवळ बोगद्यासाठी खणलेला खड्डा ढासळला आणि १९ मजूर गाडले जाऊन मेले. नाझी राजवटीला ऑलिंपिकच्या आत मार्ग सुरू करून दाखवायचा होता. दाखवलाच: जुलै १९३६ च्या अखेरीस उंटर डेन लिंडेनपर्यंत गाड्या धावल्या, १ ऑगस्टला खेळ सुरू झाले. खटला चालला तो बांधकाम कंपनी आणि रेल्वेच्या माणसांवर. मुदत ठरवणारे त्यात कुठेच नव्हते. या बोगद्याचा इतिहास इथून सांगायला हवा.

सह्यकडा
साफ असहमत. आकडा उतरला म्हणून गुन्हा लहान होत नाही. शहर शरण जाण्याच्या बेतात असताना, जिथे लोकांनी आसरा घेतला होता तो बोगदा कोणीतरी फोडला. फ्रीडरिखश्ट्रासं स्थानकातल्या जोडमार्गाने पाणी भुयारी मेट्रोतही गेलं आणि तिचे सुमारे २५ किलोमीटर बोगदे भरले. इथली वाहतूक पूर्ववत व्हायला १९४७ उजाडलं. याला तुम्ही दंतकथेच्या खात्यात टाकताय?

रूळवेडा
नाही हो, पूर आला हे मी कुठे नाकारतोय? पण रस्त्यावरच्या लढाईत जखमी होऊन बोगद्यात आणलेल्या माणसाचा मृत्यू पाण्याच्या नावावर लिहिला, की तो खरा कशाने गेला हेच पुसलं जातं. मेलेल्यांच्या बाबतीत तरी नेमकं बोलावं.

मध्यरात्र
दोघेही सर्वांत लांबलचक काळ वगळताय! १३ ऑगस्ट १९६१ ला सीमा बंद झाली. बोगद्याची दोन्ही टोकं पश्चिम बर्लिनमध्ये, मधला भाग पूर्वेखाली. पश्चिमेच्या गाड्या पॉट्सडामर प्लात्स, उंटर डेन लिंडेन, ओरानिनबुर्गर श्ट्रासं आणि नॉर्डबानहोफ इथे न थांबता हळूहळू पुढे जायच्या. अंधुक दिवे, फलाटावर पहारेकरी. थांबा फक्त फ्रीडरिखश्ट्रासंला, तेही सीमेच्या तपासणीसह. ही 'भुताटकीची स्थानकं' १९९० पासून एकेक करून उघडली, पॉट्सडामर प्लात्स तर १९९२ मध्ये. शहराची फाळणी रोज डब्यात बसून अनुभवायची म्हणजे काय, हे या बोगद्याइतकं दुसरं कशातून कळत नाही.

रूळवेडा
मान्य, पण त्या स्थानकांना आज मान मिळतोय. नॉर्डबानहोफला त्यांच्यावर प्रदर्शन आहे, पर्यटक मुद्दाम जातात. मी बोलतोय ते ज्यांना कोणी विचारत नाही त्यांच्याबद्दल.

पूल-बोगदे
मी स्थापत्य अभियंता. १९ मजुरांची आठवण ठेवायलाच हवी, पण सगळा दोष ऑलिंपिकच्या घाईवर ढकलणं मला पटत नाही. बर्लिनची जमीन वाळूची, भूजल अगदी वर. तिथे खड्ड्याच्या भिंतींना पुरेसा आधार दिला नाही तर मुदत असो वा नसो, भिंत येणारच. आधार अपुरा होता, आणि ते बघणं हे जागेवरच्या अभियंत्याचं काम. खटला त्याच्यावर चालला यात मला अन्याय दिसत नाही.

रूळवेडा
अभियंता दोषी होताच. पण आधार अपुरा दिसत असताना काम थांबवण्याची मुभा त्याला १९३५ च्या बर्लिनमध्ये किती होती? तुम्ही साइटवर काम केलंय, तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार.

पूल-बोगदे
मुभा नसेल तरी सही त्याची असते. या मुद्द्यावर मी मागे हटणार नाही.